विश्लेषण : भाषणकलेत ‘सी’, तरीही वर्गात पहिले! मार्टिन ल्यूथर किंग बायबलच्या वर्गात काय शिकले?

वॉशिंग्टनमध्ये २८ ऑगस्ट १९६३ रोजी सुमारे अडीच लाख लोकांसमोर झालेले मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर यांचे भाषण आजही जगभर ऐकले जाते. याच किंग यांना कॉलेजात भाषणकलेच्या विषयात ‘सी’ श्रेणी मिळाली होती. हा किस्सा समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतो आणि केटी लागलेल्या इंजिनीअरिंगच्या मुलांना दिलासा देतो (स्वानुभव!). पण किंग तिथे नेमके काय शिकत होते?

छोटे कॉलेज, मोठे दडपण

अटलांटातील मोअरहाऊस कॉलेजमधून समाजशास्त्राची पदवी घेऊन १९ वर्षांचे किंग १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील चेस्टरला आले. क्रोझर थिऑलॉजिकल सेमिनरी ही मोजक्या विद्यार्थ्यांची संस्था. गोऱ्या मुलांसोबत एका वर्गात शिकण्याचा हा पहिलाच अनुभव. कृष्णवर्णीय माणूस गबाळा, वेळ न पाळणारा असतो हा समज आपल्यामुळे खरा ठरू नये, म्हणून बूट कायम चकचकीत आणि वर्गात मिनिटाचाही उशीर नाही.

जुना करार शिकवायला जेम्स प्रिचर्ड होते. बायबलमधील ग्रंथ कोणत्या काळात लिहिले गेले, शेजारच्या संस्कृतींच्या साहित्याशी त्यांचे नाते काय, हे इथे तपासले जाई. पाद्र्याच्या घरात वाढलेल्या मुलासाठी हे सोपे नव्हते. किंग यांनी पहिल्याच सत्रात यिर्मया या संदेष्ट्यावर निबंध लिहिला. राजा आणि मंदिर दोघांनाही सुनावणारा हा माणूस. धर्माने समाजातील अन्यायावर बोललेच पाहिजे, हा किंग यांचा विचार इथे पक्का होत गेला.

वर्गाबाहेरचे धडे

जून १९५० मध्ये न्यू जर्सीतील मेपल शेड इथल्या एका हॉटेलात किंग आणि त्यांच्या मित्रांना वाढायला नकार मिळाला. ते उठले नाहीत, तेव्हा मालकाने बाहेर जाऊन हवेत गोळी झाडली. तक्रार झाली, पण गोरे साक्षीदार मागे हटले आणि प्रकरण बारगळले.

याच काळात कॉलेजच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईंच्या मुलीवर त्यांचे प्रेम जडले. ती गोरी होती. तेव्हा अनेक राज्यांत असे लग्न बेकायदा होते आणि दक्षिणेतल्या कुठल्याही चर्चने असा पाद्री ठेवला नसता. मित्रांनी समजावले, किंग यांनी नाते तोडले. चरित्रकार सांगतात, ही जखम बराच काळ राहिली.

गांधीही इथेच भेटले, पुस्तकांतून. फिलाडेल्फियात मॉर्डेकाय जॉन्सन यांचे गांधीजींवरचे व्याख्यान ऐकून किंग यांनी पाच-सहा पुस्तके विकत घेतली. पुढे १९५९च्या भारतभेटीत ते मुंबईच्या मणिभवनात मुक्कामी राहिले.

पुढे काय?

१९५१ मध्ये ‘बॅचलर ऑफ डिव्हिनिटी’ पदवी मिळाली तेव्हा किंग वर्गात पहिले होते. शिष्यवृत्तीवर बोस्टन विद्यापीठात जाऊन त्यांनी १९५५ मध्ये पीएचडी मिळवली. मात्र त्या प्रबंधात इतरांचा मजकूर श्रेय न देता वापरल्याचे विद्यापीठाच्या समितीने १९९१ मध्ये मान्य केले. पदवी कायम ठेवली. क्रोझरमधल्या निबंधांतही संशोधकांना हाच दोष आढळला. व्हायरल पोस्टमध्ये हा भाग नसतो.

वॉशिंग्टनच्या भाषणात आमोस आणि यशया या संदेष्ट्यांच्या ओळी आल्या, त्या जुन्या करारातल्याच. क्रोझरचे चेस्टरमधले वर्ग मात्र १९७० मध्ये बंद झाले आणि संस्था न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टरच्या सेमिनरीत विलीन झाली.