विश्लेषण : हत्तीच्या शिकारीची बंदूक शिकाऱ्यालाच का फेकायची? सॅम्युएल बेकर आणि धक्क्याचे गणित

नाईल नदीच्या शोधामुळे जगभर नाव झालेल्या सर सॅम्युएल बेकर यांच्याकडे सुमारे ९ किलो वजनाची एक रायफल होती. तिचे नाव ‘बेबी’. तिच्यातून अर्धा पौंड, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम वजनाचा स्फोटक गोळा सुटत असे. चाप ओढला की धिप्पाड बेकर जागच्या जागी गरकन फिरत. सुदानमधल्या त्यांच्या अरब सोबत्यांनी या रायफलीला ‘तोफेचे पिल्लू’ असे नाव दिले होते. बेकर यांचे पुढचे आयुष्य पाहिले तर अजस्र बंदुकीकडून पेलेल अशा बंदुकीकडे झालेला प्रवास दिसतो. मोठ्या रायफलीचा धक्का कमी कसा होतो, हेही त्यातून उलगडते.

सॅम्युएल बेकर कोण होते?

बेकर यांचा जन्म ८ जून १८२१ रोजी लंडनमध्ये झाला. जमैका आणि मॉरिशसमधील उसाच्या मळ्यांवर त्यांचे घराणे श्रीमंत झाले होते. १८४३ मध्ये त्यांचे हेन्रिएटा मार्टिन यांच्याशी लग्न झाले. काही काळ मॉरिशसमध्ये काढून १८४६ मध्ये ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. १८४८ पासून नुवारा एलिया येथील थंड डोंगराळ भागात त्यांनी इंग्रजी पद्धतीची शेतीवसाहत उभी केली. बाकीचा वेळ शिकारीत जाई. त्या काळी सिलोनमध्ये हत्ती मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. बेकर यांनी तेथे इतके हत्ती मारले की आजच्या वाचकाला ती वर्णने वाचवत नाहीत. १८५५ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि त्याच वर्षअखेरीस हेन्रिएटा यांचे विषमज्वराने निधन झाले.

त्यांची पहिली मोठी रायफल कशी होती?

त्या काळी बंदूक ठासणीची होती आणि दारू काळी. काळ्या दारूने गोळीला फार वेग मिळत नाही. वेग वाढत नसेल तर जोर वाढवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे गोळीचे वजन वाढवणे. बेकर यांनी ब्रिस्टलच्या गिब्ज या कारागिराकडून स्वतःच्या कल्पनेप्रमाणे रायफल बनवून घेतली. तिचे वजन २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो होते. शिशाची गोळी ३ औंसांची, म्हणजे ८५ ग्रॅमची. एका बाराला दारू १६ ड्रॅम, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लागे.

आपल्याकडे ‘बारा बोअर’ हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअर. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. या मापाने ‘बेबी’ दोन बोअरची ठरते.

धक्का नेमका का बसतो?

गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. दोघांचा संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, सारखाच असतो. कोन-भिवंडीच्या गोदामांत काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. एकाच जोराने ढकलले तर रिकामी हातगाडी झपकन सरकते, भरलेली जेमतेम हलते. बंदुकीचेही तसेच आहे. रायफलचे वजन दुप्पट केले की ती निम्म्या वेगाने मागे येते आणि खांद्यावर आदळणारी ऊर्जाही निम्मी होते. बेकर साडेनऊ किलोचे धूड वागवत होते ते याच कारणाने. वजन हाच तेव्हाचा धक्का कमी करण्याचा मुख्य उपाय होता.

यात दारूचाही हिशेब धरावा लागतो. जळलेल्या दारूचा वायू आणि धूर गोळीमागून नळीबाहेर पडतो, तोही बंदुकीला मागे ढकलतो. ८५ ग्रॅमच्या गोळीमागे २८ ग्रॅम दारू असेल, तर हा वाटा दुर्लक्षून चालत नाही.

मग आफ्रिकेत आणखी मोठी रायफल कशासाठी?

१८५९ मध्ये डॅन्यूब नदीकाठच्या विदीन येथे गुलामांच्या बाजारात बेकर यांची फ्लोरेन्स यांच्याशी गाठ पडली. तिथून पुढे दोघे आयुष्यभर बरोबर राहिले. १८६१ मध्ये नाईलचा उगम शोधण्यासाठी ते निघाले आणि पहिले वर्ष त्यांनी सुदान आणि ॲबिसिनियाच्या सीमेवरच्या नद्यांकाठी काढले. सिलोनमध्ये हत्तीच्या कपाळावर नेम धरून गोळी झाडण्याची पद्धत होती. आफ्रिकी हत्तीच्या कवटीची ठेवण वेगळी असल्याने तो नेम तिथे चालेना. लंडनच्या हॉलंड यांनी बनवलेली ‘बेबी’ या अडचणीवरचा तोडगा होती.

तोडगा महागात पडला. १० ड्रॅम दारू आणि पावशेराच्या आसपासचा गोळा, यांचा दणका एवढा असे की बेकर यांना स्वतःच्याच रायफलीची धास्ती वाटू लागली. ती त्यांनी फार थोड्या वेळा झाडली. त्याच प्रदेशात हमरान जमातीचे शिकारी घोड्यावरून हत्तीचा पाठलाग करीत आणि केवळ तलवारीने त्याच्या मागच्या पायाची शीर तोडत. बेकर त्यांच्याबरोबर हिंडले आणि त्यांच्या धाडसाची त्यांनी मनापासून तारीफ केली.

धक्का ही केवळ दुखऱ्या खांद्याची बाब आहे का?

नाही. धक्क्याची भीती मनात बसली की चाप ओढण्याच्या क्षणी अंग आपोआप आकसते, डोळे मिटतात आणि नेम ढळतो. निशाणीच्या फळीवर त्याने गुण जातात. जंगलात मात्र त्याने जनावर मरत नाही, जखमी होते. जखमी हत्ती किंवा वाघ उलटला तर शिकाऱ्याच्या आणि त्याच्याबरोबरच्या हाकाऱ्यांच्या जिवावर बेतते. शिकारी निघून गेल्यावर त्या जनावराची गाठ पडते ती गावकऱ्यांशी.

बेकर यांनी पुढे काय बदलले?

फेब्रुवारी १८६३ मध्ये गोंडोकोरो येथे बेकर दांपत्याला स्पेक आणि ग्रँट भेटले. त्यांच्या माहितीवरून पुढे जात १४ मार्च १८६४ रोजी बेकर एका विशाल सरोवरापाशी पोहोचले आणि त्याला त्यांनी अल्बर्ट हे नाव दिले. इंग्लंडला परतल्यावर १८६५ मध्ये दोघांनी लग्न केले आणि १८६६ मध्ये बेकर यांना ‘सर’ किताब मिळाला. १८६९ ते १८७३ या काळात इजिप्तचे खेदिव इस्माईल यांच्या वतीने त्यांनी नाईलच्या वरच्या खोऱ्यात गुलामांचा व्यापार मोडण्याची मोहीम चालवली. ती मोहीम रक्तपातावाचून झाली नाही. शिवाय आफ्रिकी लोकांविषयीची बेकर यांची मते त्या काळच्या साम्राज्यवादी अहंकाराने भरलेली होती, हेही नोंदवायला हवे.

उतारवयात ते शिकारीसाठी अनेकदा भारतात आले. नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांतातही ते फिरले. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वन्य पशूंवरच्या पुस्तकात त्यांनी वाघासाठी शिफारस केली ती ०.५७७ इंच नळीच्या रायफलीची. वजन १२ पौंड, दारू ६ ड्रॅम आणि सुमारे ४२ ग्रॅमची शुद्ध शिशाची भरीव गोळी. गोळीचा वेग सारखाच धरला, तर जुन्या गिब्ज रायफलीच्या तुलनेत या रायफलीच्या धक्क्याची ऊर्जा निम्म्याहून कमी भरते. साडेपाच किलोची बंदूक झटकन खांद्याला लावता येते, हा आणखी एक फायदा. गोळी प्रचंड असण्यापेक्षा ती योग्य जागी बसणे महत्त्वाचे, हे त्यांच्या ५० वर्षांच्या अनुभवाचे सार होते. ३० डिसेंबर १८९३ रोजी डेव्हनमधील घरी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर धक्का कसा कमी झाला?

सर्वांत मोठा बदल दारूत झाला. १८९८ मध्ये जॉन रिग्बी यांच्या कारखान्याने ०.४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस आणले. त्यात काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट होते. सुमारे साडेचार ग्रॅम कॉर्डाइट ३१ ग्रॅमच्या गोळीला सेकंदाला ६५० मीटरच्या आसपास वेग देई. वेग मिळाल्याने गोळी जड असण्याची गरज संपली आणि दारूचे वजनही घटले.

बाकीचे उपाय साधे आहेत. दस्त्याच्या टोकाला रबराची गादी लावली की धक्का थोडा अधिक वेळ पसरतो, त्यामुळे तो कमी टोचतो. दस्त्याचे टोक रुंद असले की तोच जोर खांद्याच्या जास्त भागावर वाटला जातो. दस्ता नळीच्या रेषेत सरळ असला की तोंड कमी उसळते आणि गालाला मार बसत नाही. नळीच्या तोंडाला भोके पाडलेले नळकांडे बसवले तर वायू बाजूला वळतो आणि मागचा जोर कमी होतो. मात्र त्याने आवाज फार वाढतो आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या कानाला इजा होऊ शकते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. त्यामुळे हे गणित आता नेमबाजीच्या मैदानात आणि सैन्याच्या शस्त्रांत वापरले जाते. बेकर यांनी खांद्यावर सोसलेला नियम तिथेही तोच आहे. धक्का नाहीसा करता येत नाही. तो जड बंदुकीवर, जास्त वेळावर किंवा जास्त जागेवर वाटून घ्यावा लागतो.