घटक ४ : बालगंधर्व – भूमिका, वय आणि ओळख

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• बालगंधर्वांच्या जीवनाचे व कलाकार्याचे महत्त्वाचे टप्पे सांगणे.
• संगीत रंगभूमीवरील स्त्रीभूमिकेची घडण स्पष्ट करणे.
• वाढते वय, स्त्री-नटींचे आगमन आणि बोलपट यांचा त्यांच्या कलेवर झालेला परिणाम विशद करणे.
• रंगभूमीने कोणाला सामावून घेतले आणि कोणाला दूर ठेवले, याची चिकित्सा करणे.

४.२ प्रस्तावना

मराठी संगीत रंगभूमीच्या अभ्यासात बालगंधर्व हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. त्यांच्याविषयीचे बरेचसे लेखन गौरवाचे आहे आणि तो गौरव अनाठायी नाही. तथापि अभ्यासकाने गौरवापाशी थांबून चालत नाही. एका पुरुषाला महाराष्ट्राने स्त्रीसौंदर्याचा आदर्श मानले, हे कसे घडले? त्या पुरुषाचे वय वाढत गेले तेव्हा त्या आदर्शाचे काय झाले? आणि त्याच रंगमंचावर प्रत्यक्ष स्त्री उभी राहिली तेव्हा प्रेक्षकांनी तिचे स्वागत कसे केले? या तीन प्रश्नांच्या आधारे आपण हे चरित्र पाहणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ जडणघडण

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. लहानपणीच त्यांच्या गळ्यातील गोडवा लोकांच्या ध्यानात आला. लोकमान्य टिळकांनी त्यांचे गाणे ऐकून त्यांना बालगंधर्व म्हणून गौरविले आणि पुढे हेच नाव रूढ झाले. कोल्हापूरचे शाहू महाराज यांचा आश्रय त्यांना लाभला. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि मिरज येथे ‘शाकुंतल’ नाटकात शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम उभे राहिले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. संगीताचे शिक्षण त्यांनी भास्करबुवा बखले यांच्याकडे घेतले.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी नारायणरावांच्या लहानग्या कन्येचा मृत्यू झाला होता. प्रयोग रद्द न करता त्यांनी भामिनी उभी केली. हा प्रसंग कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून नेहमी सांगितला जातो. आपण त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. मुलगी गमावलेल्या बापाला त्या रात्री स्वतःचे दुःख आत ठेवून एका श्रीमंत, मानी तरुणीच्या भावना गाव्या लागल्या. नटाची स्वतःची ओळख आणि भूमिकेची ओळख यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे या प्रसंगातून कळते.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. हे दोन्ही भागीदार काही वर्षांत बाहेर पडले आणि मंडळीचा सारा भार नारायणरावांवर आला. ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी आणि राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू या त्यांच्या भूमिका मराठी माणसाच्या स्मृतीत घर करून राहिल्या. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. त्यात ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर झाले, तर बालगंधर्व भामिनी.

४.३.२ स्त्रीभूमिकेची घडण

त्या काळी केवळ स्त्रियांच्या काही नाटक मंडळ्या अस्तित्वात होत्या. परंतु स्त्री-पुरुषांनी एकाच रंगमंचावर येणे प्रतिष्ठित मंडळ्यांना मान्य नव्हते. घरंदाज स्त्रीने नाटकात काम करणे हा कलंक समजला जाई. चित्रपटाची सुरुवातही याच वातावरणात झाली. गंधर्व नाटक मंडळी ज्या वर्षी निघाली त्याच १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि त्यातील तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने साकारली. पुरुषाने स्त्री होणे ही त्या काळाची गरजही होती आणि रूढीही.

बालगंधर्वांनी या रूढीतून स्वतंत्र कला घडविली. त्यांनी स्त्रीचे वरवरचे अनुकरण केले नाही. पदराची घडी, मान किंचित झुकविणे, चालण्याची लय, शब्दाच्या शेवटी आवाज हळुवार सोडणे अशा बारकाव्यांतून त्यांची नायिका आकाराला येई. नऊवारी नेसण्याची आणि केसांत फुले माळण्याची त्यांची पद्धत घराघरांतील स्त्रिया उचलू लागल्या. ज्या स्त्रीला रंगमंचावर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती, तिने कसे दिसावे याचा धडा तिला एका पुरुषाकडून मिळत होता. यातील विसंगती त्या काळात फारशी कोणाला बोचली नाही.

येथे भाषेचा एक विशेष नोंदविणे आवश्यक आहे. मराठीत प्रथमपुरुषी क्रियापदाच्या अनेक रूपांत बोलणाऱ्याचे लिंग दिसते. पुरुष ‘मी जातो’ म्हणतो, स्त्री ‘मी जाते’ म्हणते. संस्कृतातील ‘गच्छामि’ या रूपात असा भेद नाही. म्हणजे मराठी रंगमंचावर स्त्रीभूमिका करणारा नट वेषाने जेवढा स्त्री होतो, तेवढाच व्याकरणानेही होतो. वाक्यावाक्याला त्याला स्वतःविषयी स्त्रीलिंगी रूप वापरावे लागते. बालगंधर्वांनी सुमारे तीन दशके रात्रीमागून रात्री असे ‘मी’ उच्चारले. व्यवहारात मात्र ते पती, पिता आणि मंडळीचे मालक होते, आणि ही दोन्ही रूपे त्यांनी आयुष्यभर सहजतेने सांभाळली.

४.३.३ वाढते वय, नव्या नटी आणि बोलपट

‘संत कान्होपात्रा’ १९३१ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा नारायणरावांनी चाळिशी ओलांडली होती. शरीर स्थूल होऊ लागले होते. तरीही प्रेक्षक येत राहिले, कारण गळा तरुण होता आणि दिवे, अंतर व गाणे यांच्या साहाय्याने रंगमंच वयाला झाकू शकत होता. मंडळीचा खर्च मात्र अफाट होता. उंची शालू, अत्तरे, भव्य नेपथ्य यांपायी कर्जाचा डोंगर वाढत गेला. दिवाळे काढण्याचा मार्ग न पत्करता त्यांनी प्रयोगांच्या उत्पन्नातून ऋणकोची जबाबदारी निभावली.

याच सुमारास रंगभूमी बदलत होती. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगमंचावर आल्या होत्या. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. स्त्री-नटीचे येणे हे न्याय्यच होते. परंतु त्या न्यायाबरोबरच स्त्रीपार्टी नटाची कला कालबाह्य ठरू लागली. एका गटाला दार उघडले तेव्हा दुसऱ्या गटाचे आयुष्यभराचे कौशल्य निरुपयोगी झाले, हे आपण नोंदवून ठेवावे.

नाटक मंडळीचा व्याप आवरून नारायणराव प्रभात फिल्म कंपनीत गेले. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या बोलपटात ते संत एकनाथ झाले. अस्पृश्यतेला विरोध हा या चित्रपटाचा गाभा होता. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. तीस वर्षे नायिका म्हणून ओळखल्या गेलेल्या नटाला पडद्यावर पुरुष म्हणून पाहणे प्रेक्षकांना अवघड गेले. नटालाही कॅमेरा मानवला नाही. समोर प्रेक्षक नाहीत, वन्समोअर नाही, पद काही मिनिटांत आटोपायचे. ज्याची कला प्रेक्षकांच्या प्रतिसादावर फुलत असे त्याला हे माध्यम परके वाटले. पुढे ‘साध्वी मीराबाई’ (१९३७) या बोलपटात त्यांनी पुन्हा स्त्रीभूमिका केली. आता वय पन्नाशीकडे झुकले होते आणि रंगमंचावर जे अंतर वयाला झाकत होते ते कॅमेऱ्याने नाहीसे केले.

४.३.४ गोहरबाई आणि सामावून घेण्याची मर्यादा

गोहरबाई कर्नाटकी या विजापूर भागातील गायिका. चित्रपटगायिका म्हणून नावारूपाला आलेल्या अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या भगिनी. बालगंधर्वांची गायकी गोहरबाईंनी मोठ्या निष्ठेने आत्मसात केली होती. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या नारायणरावांच्या जीवनात आणि नाटक मंडळीत आल्या. पुन्हा उभ्या राहिलेल्या मंडळीत गोहरबाई नायिका होऊ लागल्या आणि नारायणराव पुरुषभूमिका करू लागले.

या घटनेने अनेक चाहते दुरावले. १९४० मध्ये पत्नी लक्ष्मीबाई निवर्तल्या. गोहरबाई मुसलमान होत्या, गाणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि त्या विवाहित कलावंताच्या सोबतीला आल्या होत्या. अशा तिहेरी दोषारोपाने त्यांच्याकडे पाहिले गेले. कुटुंबाला झालेले दुःख खरे होते, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु समाजाचा रोष केवळ त्या दुःखापोटी होता असे म्हणता येत नाही. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर साथ करीत, आणि त्यांच्या धर्माची अडचण रसिकांना कधी वाटली नव्हती. मुसलमान साथीदार चालला, पण मुसलमान सहचारिणी चालली नाही. पुरुषाने साकारलेली रुक्मिणी पूज्य ठरली, पण तीच भूमिका एका गाणाऱ्या स्त्रीने केली की ती परकी झाली. समाज कलेत ज्या सीमा आनंदाने ओलांडतो, त्याच सीमा जीवनात किती कडेकोट राखतो, याचे हे उदाहरण आहे.

४.३.५ अखेरची वर्षे

१९५०च्या दशकात नारायणरावांचे पाय अधू झाले आणि उभे राहून भूमिका करणे संपले. त्यानंतरही ते बसून भजने गात राहिले. रूप गेले, चाल गेली, वेष गेला. राहिला तो स्वर. आजारपणात त्यांची सेवा गोहरबाईंनी केली. त्यांचे निधन नारायणरावांच्या आधी झाले.

शासकीय सन्मान उशिरा आले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हा किताब त्यांना मिळाला. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी पुण्यात त्यांच्याच नावाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्या हस्ते बसविण्यात आली. ते मंदिर पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले. तेथे चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी रंगविलेली त्यांची दोन तैलचित्रे आहेत : एक पुरुषवेषातील, दुसरे स्त्रीवेषातील. २०११ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘बालगंधर्व’ हा मराठी चित्रपट आला आणि नव्या पिढीपर्यंत हे चरित्र पोहोचले.

४.४ समारोप

बालगंधर्वांच्या जीवनात स्त्रीत्व ही जन्माने मिळालेली वस्तू नव्हती. ती अभ्यासाने, भाषेने आणि स्वराने घडविलेली होती. प्रेक्षकांनी ती खरी मानली, कारण ती एका मान्य चौकटीत होती. वय वाढले, खऱ्या नटी आल्या आणि कॅमेरा आला तेव्हा ती चौकट मोडली. गोहरबाईंच्या निमित्ताने त्या चौकटीबाहेर कोण राहिले होते, हेही उघड झाले. म्हणून हे चरित्र वाचताना नायकाइतकेच प्रेक्षकांकडे, म्हणजे आपल्या पूर्वसुरींकडे आणि काही अंशी आपल्या स्वतःकडेही, पाहणे आवश्यक आहे. आपल्या परिसरात तमाशा, दशावतार किंवा भजनी मंडळात स्त्रीवेष धारण करणारे वा उतारवयातही गाणारे कलावंत असतील, तर या घटकाचा अभ्यास त्यांच्याशी बोलून अधिक अर्थपूर्ण होईल.

४.५ स्वाध्याय

१. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकेची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा.
२. मराठी क्रियापदातील लिंगभेद आणि स्त्रीपार्टी नटाचा अभिनय यांचा संबंध आपल्या शब्दांत मांडा.
३. रंगमंच आणि बोलपट ही दोन माध्यमे कलावंताच्या वयाकडे कोणत्या वेगळ्या दृष्टीने पाहतात, ते लिहा.
४. थिरकवा व कादरबक्ष यांचा स्वीकार आणि गोहरबाईंचा अस्वीकार यांची तुलना करा.