पाठीवरचं पोर

सावित्रीबाई फुले म्हटलं की आपल्याला १८४८ ची मुलींची शाळा आठवते, अंगावर झेललेलं शेण आठवतं. पण त्या गेल्या कशानं, हे किती जणींना ठाऊक आहे?

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. काखेत-जांघेत गाठ दिसली की शेजारीपाजारीही तोंड फिरवायचे. बाईंनी डॉक्टर मुलाला, यशवंतला बोलावून घेतलं नि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याला गावकुसाबाहेरच्या वस्तीत एका पोराला प्लेग झालाय, असं कळलं. ना नातं, ना गोतं. तरी बाई स्वतः गेल्या. वय सहासष्ट! पोराला पाठीवर घेतलं नि दवाखाना गाठला. पोर वाचलं. बाईंना मात्र लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.