बालगंधर्व : पाय थकल्यानंतरची वर्षे

मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवाचा विषय निघाला की नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचे नाव प्रथम येते. भरजरी शालू, डौलदार चाल आणि गोड गळा हे त्यांचे रूप रसिकांच्या मनात कायमचे कोरले गेले. त्यांच्या वृद्धत्वाची कहाणी मात्र फारशी सांगितली जात नाही.

२६ जून १८८८ रोजी जन्मलेले बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात केशवराव भोसले यांच्यासमवेत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग आजही दंतकथेसारखा सांगितला जातो. त्याच सुमारास मंडळी कर्जात बुडाली होती. दिवाळखोरीचा मार्ग न पत्करता बालगंधर्वांनी प्रयोग करूनच ते कर्ज फेडले.

साठी ओलांडल्यावर त्यांचे पाय लुळे पडले. ज्याच्या नुसत्या पदन्यासाने प्रेक्षागृह मोहरून जात असे, त्या कलावंताला उठण्याबसण्यासाठी दुसऱ्याचा आधार लागू लागला. भामिनी आणि सिंधू साकारणे सरले. बैठकीत बसून भजन गाणे तेवढे हाती उरले, आणि तेच त्यांनी निष्ठेने जपले. रंगमंच सुटला तरी श्रोता सुटला नाही.

या काळात त्यांची शुश्रूषा गोहरबाई कर्नाटकी यांनी केली. त्यांच्या सहजीवनावर समाजाने पुष्कळ टीका केली होती. पण परावलंबी झालेल्या बालगंधर्वांचा भार वाहिला तो गोहरबाईंनीच. १९६४ मध्ये बालगंधर्वांना ‘पद्मभूषण’ मिळाले आणि त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. उरलेली तीन वर्षे त्यांना त्या आधाराविना काढावी लागली. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुण्यातील ज्या रंगमंदिराची कोनशिला त्यांनी स्वतः ८ ऑक्टोबर १९६२ रोजी बसवली होती, ते त्यांच्याच नावाने २६ जून १९६८ रोजी खुले झाले.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेले सुमारे १० कोटी ३८ लाख नागरिक होते. त्यांतील अनेकांचे गुडघे, डोळे वा कान अधू झालेले असतात. रे रोडपासून गिरगावपर्यंतच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतींत तर चार जिने हीच मोठी भिंत ठरते. अशा वृद्धांच्या औषधपाण्याची चिंता घरोघरी वाहिली जाते. त्यांचे बोलणे, गाणे, आठवणी ऐकायला कोणी बसते का, हा प्रश्न मात्र राहून जातो. बालगंधर्वांना औषधाइतकीच गरज होती ती जवळच्या माणसाची आणि श्रोत्यांची. नाव गंधर्वाचे असो वा चाळीतल्या आजोबांचे, ही गरज सारखीच असते.