श्रीपाद कृष्ण कोल्हटकर : अभिमानाला हसू शिकवणारा लेखक

आपल्या देशाचा अभिमान बाळगणे आणि आपल्याच देशाच्या वेडगळपणावर मोकळेपणाने हसणे, या दोन गोष्टी एकाच मनात नांदू शकतात काय? पुष्कळांना त्या परस्परविरोधी वाटतात. अभिमानी माणसाने दोष झाकावेत आणि दोष दाखवणाऱ्याच्या ठायी अभिमान नसावा, असा एक समज सर्वत्र आढळतो. मराठी साहित्यातील एका लेखकाच्या आयुष्याने हा समज खोटा ठरवला. महाराष्ट्राच्या थोरवीचे एक गीत आजही सभा-समारंभांत अभिमानाने गायले जाते. ते गीत ज्याने लिहिले, त्यानेच मराठी समाजाच्या खुळचट रूढींना हसणारे मराठीतील पहिले मोठे विनोदी पुस्तकही लिहिले. त्या लेखकाचे नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

श्रीपाद कृष्णांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूर येथे झाला. त्यांचे आयुष्य मुख्यतः वऱ्हाडात, म्हणजे आजच्या पश्चिम विदर्भात गेले. बालपणीच आजाराने त्यांच्या चेहऱ्यावर आघात केला आणि चेहऱ्यात कायमचे व्यंग राहिले. मुलांच्या मेळाव्यात अशा मुलाला काय सोसावे लागते, हे सांगण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या व्यंगावर हसणे आणि दुसऱ्याबरोबर हसणे यांत केवढे अंतर असते, हे ज्याला समजण्यासारखे होते, असाच माणूस पुढे मराठी विनोदाचा जनक ठरला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अकोला येथे शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. १८९१ मध्ये ते बी.ए. झाले आणि १८९७ मध्ये त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. त्यानंतर अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद या वऱ्हाडातील गावांत त्यांनी वकिली केली. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर, कोर्टकचेरीच्या धकाधकीत राहून त्यांनी नाटके, लेख, टीका, कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांचा पहिला लौकिक नाटककार म्हणून झाला. १८९६ मध्ये ‘वीरतनय’ हे त्यांचे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्या काळी मराठी संगीत नाटकांची कथानके बहुधा पुराणांतून घेतलेली असत आणि पदांच्या चालीही ठरावीक असत. कोल्हटकरांनी स्वतः रचलेली कथानके, नव्या चाली आणि चटकदार संवाद यांची जोड देऊन नाटकाला निराळे वळण दिले. ‘मूकनायक’ या नाटकात त्यांनी मद्यपानाचे दुष्परिणाम दाखवले. ‘मतिविकार’ या नाटकात विधवाविवाहाचा प्रश्न हाताळला. करमणुकीच्या आवरणाखाली समाजसुधारणेचा विचार द्यावयाचा, ही त्यांची पद्धत येथपासूनच दिसू लागते. मात्र त्यांची खरी ओळख नाटकांनी नव्हे, तर विनोदी लेखांनी घडवली.

त्या लेखांचे महत्त्व कळण्यासाठी तो काळ ध्यानी घेतला पाहिजे. देशावर इंग्रजांचे राज्य होते. परके अधिकारी आणि मिशनरी आपल्या समाजातील उणिवा वारंवार बोलून दाखवत. त्यामुळे स्वाभिमानी मने दुखावली जात. १८४८ पासून लोकहितवादींनी आपल्या शतपत्रांत स्वजनांच्या अज्ञानावर आणि आळसावर कठोर प्रहार केले होते. पुढे १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि स्वदेश, स्वभाषा व स्वधर्म यांचा अभिमान जागवला. गुलामगिरीत पिचलेल्या समाजाला ताठ मानेने उभे राहण्यासाठी त्या अभिमानाची गरज होती. परंतु अभिमानाच्या भरात अनेकांना जुन्या रूढींचेही समर्थन करावेसे वाटू लागले. दुसरीकडे गोपाळ गणेश आगरकरांसारख्या सुधारकाने त्या रूढींवर बुद्धीचे शस्त्र चालवले, तेव्हा विरोधकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकर १८९५ मध्ये निवर्तले. स्वजनांचे दोष सांगणाऱ्याला ही किंमत मोजावी लागत होती.

अशा वातावरणात दोष दाखवावेत तर देशद्रोहाचा ठपका आणि दोष झाकावेत तर समाजाचे नुकसान, असा पेच विचारी माणसापुढे उभा होता. कोल्हटकरांनी या पेचातून तिसरी वाट काढली. ती वाट हास्याची होती.

१९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात त्यांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख प्रसिद्ध झाला. वकील या नात्याने न्यायालयातील साक्षींचे जग ते रोज पाहत होते, तेव्हा पहिल्या विनोदी लेखाला विषय घरचाच मिळाला. त्यानंतर असे लेख एकामागून एक प्रसिद्ध होत गेले. त्यांपैकी अठरा लेखांचा संग्रह १९१० मध्ये ‘सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे’ या नावाने निघाला. पुढे लेखांची संख्या बत्तीस झाली आणि १९२३ मध्ये तेच पुस्तक ‘सुदाम्याचे पोहे अर्थात साहित्यबत्तिशी’ या नावाने वाचकांपुढे आले.

पुस्तकाचे नावच अर्थपूर्ण आहे. दरिद्री सुदामा आपल्या बालमित्राला, द्वारकेच्या श्रीकृष्णाला भेटायला मूठभर पोहे घेऊन गेला. भेट इतकी साधी की ती पुढे करण्याचा त्याला संकोच वाटला; पण श्रीकृष्णाने ती प्रेमाने खाल्ली. आपले लेख म्हणजे अशीच एक साधी भेट आहे, असे कोल्हटकरांनी या नावातून सुचवले. ज्याला भेट द्यायची त्याच्याविषयी मनात स्नेह असतो. ज्या समाजाला ते हसणार होते, त्याच्याशी त्यांचे नाते असे स्नेहाचे होते.

या लेखांत सुदामा हा स्वतःच निवेदक आहे. बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्याचे दोन मित्र. सण, व्रते, लग्नसमारंभ, शकुन-अपशकुन, भोजनप्रीती, पोकळ विद्वत्ता असे अनेक विषय या मंडळींच्या हाती सापडतात. ते रूढींची निंदा करत नाहीत. उलट मोठ्या निष्ठेने त्यांचे समर्थन करतात. मात्र समर्थन जितके जोरदार, तितका त्या रूढीचा पोकळपणा अधिक उघडा पडतो. वाचक आधी सुदाम्याला हसतो आणि थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात येते की असेच युक्तिवाद आपणही घरात, ओटीवर, चारचौघांत करत आलो आहोत. हसता हसता तो स्वतःलाच ओळखतो.

या विनोदाचे मर्म येथेच आहे. परका माणूस आपल्याला हसतो, तेव्हा तो वर उभा राहून खाली पाहतो. क्रोधी सुधारकही कधी कधी समाजापासून बाजूला उभा राहून बोट दाखवतो. सुदामा मात्र हसणाऱ्यांत नसून ज्यांना हसावे त्यांच्यातच बसलेला आहे. तो त्यांच्याच पंगतीत जेवतो, त्यांच्याच सणांत भाग घेतो, त्यांच्याच चुका करतो. त्यामुळे वाचकाला अपमान वाटत नाही. एखाद्या कुटुंबात वडीलधारी माणसे एकत्र बसून आपल्याच घराण्याच्या खोडी सांगून हसतात, तसे हे हसणे आहे. त्या हसण्याने घराण्यावरचे प्रेम कमी होत नाही आणि खोड मात्र सर्वांच्या लक्षात येते.

असे हसणे मराठीला अगदी अनोळखी होते असेही नाही. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडांतून ढोंगाची थट्टा करत लोकांना शहाणपण शिकवले होते. परंतु छापील गद्यात, केवळ विनोदासाठी आणि विनोदातून विचारासाठी सातत्याने लेखन करणारा पहिला मोठा लेखक म्हणून मान कोल्हटकरांकडे जातो.

आता याच लेखकाने रचलेल्या महाराष्ट्रगीताकडे वळावे. देशाभिमानाचे गीत म्हटले की आपला देश सर्वांत सुंदर, सर्वांत संपन्न, असे वर्णन अपेक्षित असते. कोल्हटकरांनी गीताचा आरंभच वेगळ्या रीतीने केला. जगात सुंदर आणि समृद्ध देश पुष्कळ असतील, हे ते आधीच मान्य करून टाकतात आणि तरीही आपल्याला महाराष्ट्रच प्रिय आहे असे सांगतात. आकाशाला भिडणारे पर्वत आपल्याकडे नसले, मोठमोठ्या नद्या नसल्या, भव्य राजवाडे नसले, तरी त्यांवाचून काही अडत नाही, कारण येथील माणसांच्या आकांक्षा उंच आहेत आणि मने विशाल आहेत, असा त्या गीताचा आशय आहे. १७५८ मध्ये मराठ्यांनी अटकेपर्यंत मारलेल्या धडकेचे स्मरणही त्यात आहे. म्हणजे जो लेखक विनोदी लेखांत आपल्या उणिवांवर हसला, त्याने अभिमानाच्या गीतातही उणिवा लपवल्या नाहीत. उणिवा ठाऊक असूनही टिकून राहणारे प्रेम, हाच त्याच्या अभिमानाचा पाया होता. अशा अभिमानाला थट्टेची भीती वाटत नाही. जो अभिमान दोष नाकारण्यावर उभा असतो, तो मात्र साध्या विनोदानेही डळमळू लागतो.

कोल्हटकरांची बुद्धी बहुमुखी होती. खगोलगणिताचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ लिहिला. शकुन-अपशकुनांवर हसणारा लेखक ग्रहताऱ्यांचे शास्त्रशुद्ध गणित मात्र आदराने मांडतो, यात विसंगती नाही. परंपरेतील ज्ञान आणि परंपरेतील भ्रम यांची निवड करणे हे त्यांना आवश्यक वाटत होते. हास्य हे त्यांच्या हातातील जणू एक सूपच होते. त्यातून पाखडून फोलपटे उडवायची आणि धान्य राखायचे.

त्यांच्या लेखनाला मर्यादाही होत्या. शब्दांवरच्या कोट्या आणि कल्पनांची चमत्कृती यांचा त्यांना फार सोस होता. त्यामुळे त्यांची अनेक नाटके पुढे रंगभूमीवर टिकली नाहीत आणि त्यांचे काही लेख आजच्या वाचकाला जड वाटतात. शिवाय त्यांच्या विनोदाचे क्षेत्र मुख्यतः शिकलेल्या, पांढरपेशा समाजापुरते राहिले. शेतकरी आणि कष्टकरी यांचे जग त्यात फारसे आले नाही.

तरीही त्यांनी पाडलेली वाट पुढे रुंद होत गेली. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख लिहिले आणि गुरूप्रमाणेच महाराष्ट्राच्या गौरवाचे गीतही रचले. गडकरी १९१९ मध्ये अकाली निवर्तले. पुढे ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी झालेले वि. स. खांडेकर हेही कोल्हटकरांच्या शिष्यवर्गातील होते. त्यानंतर चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे आणि पु. ल. देशपांडे यांनी मराठी माणसाला स्वतःवर हसण्याची सवयच लावली. १९२७ मध्ये पुणे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन मराठी समाजाने कोल्हटकरांचा गौरव केला. ज्या समाजाच्या रूढींना त्यांनी पंचवीस वर्षे हसत हसत चिमटे काढले, त्याच समाजाने त्यांना हा मान दिला. यात लेखकाच्या स्नेहाची जशी खूण आहे, तशी समाजाच्या मोठेपणाचीही आहे.

१ जून १९३४ रोजी कोल्हटकरांचे निधन झाले. त्यांचे आत्मवृत्त त्यानंतर प्रसिद्ध झाले.

कोल्हटकरांनी ज्या रूढींवर लिहिले, त्यांतील काही आता नाहीशा झाल्या आहेत, काहींनी नवे रूप घेतले आहे. परंतु त्यांनी घालून दिलेला धडा कोणत्याही प्रांतातील, कोणतीही भाषा बोलणाऱ्या माणसाच्या उपयोगी पडणारा आहे. आपल्या गावाची, भाषेची, देशाची थोरवी गावी आणि त्यांच्या खोडीही हसत मान्य कराव्यात. दुसऱ्याच्या देशाला हसणे सोपे असते, कारण त्यात आपले काहीच जात नाही. आपल्याच देशाला प्रेमाने हसायला मात्र धैर्य लागते. वऱ्हाडातील एका वकिलाने ते धैर्य दाखवले, म्हणून मराठी माणसाचा अभिमान थोडा अधिक समंजस आणि अधिक मोकळा झाला.