ज्यांच्या नावाच्या गावात आपण राहतो: चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चार पायांचे सोबती



आपण राहतो ते गाव ज्यांच्या नावाचे आहे, ते चार्ल्स डार्विन इथे कधी आलेच नाहीत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? 'बीगल' जहाजावरचे त्यांचे जुने सोबती विकहॅम आणि स्टोक्स सप्टेंबर १८३९ मध्ये या बंदरात शिरले आणि त्यांनी मित्राची आठवण म्हणून बंदराला 'पोर्ट डार्विन' नाव दिले. लाराकिया लोकांच्या या भूमीवर १८६९ मध्ये वस्ती उभी राहिली ती 'पामरस्टन' नावाने. गावाचे नाव 'डार्विन' झाले ते १९११ मध्ये.

माकडापासून माणूस, एवढ्या एका वाक्यात आपण शाळेत डार्विन संपवतो. (खरे तर माणूस आणि माकडे यांचे पूर्वज एकच, असे त्यांचे म्हणणे होते!) आज आम्ही त्यांची दुसरी ओळख करून देणार आहोत: कुत्र्याला सोबत घेऊन रोज न चुकता फिरायला जाणारा एक गृहस्थ.

बालपण

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी झाला. वडील नामांकित डॉक्टर. आई गेली तेव्हा चार्ल्स अवघा आठ वर्षांचा होता. लहानपणी एकदा त्याने केवळ आपली ताकद आजमावण्यासाठी एका पिल्लाला मारले. पिल्लू ओरडलेसुद्धा नाही, पण ती गोष्ट चार्ल्सच्या मनातून कधीच गेली नाही. साठी उलटल्यावर मुलांसाठी आत्मचरित्र लिहायला बसले, तेव्हाही ती जागा नेमकी कुठली होती हे त्यांना आठवत होते. पुढे त्यांनी कुत्र्यांवर आयुष्यभर जो जीव लावला, त्याच्या मुळाशी ही बोचही असावी, असे आम्हाला वाटते.

अभ्यासात लक्ष नाही, सारा वेळ शिकार, कुत्रे आणि उंदीर पकडण्यात जातो, म्हणून वडील चिडायचे. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांची आठवण झाली ना? एडिंबराला डॉक्टरकीचे शिक्षण अर्धवट सुटले. मग पाद्री होण्यासाठी केंब्रिजला रवानगी झाली. तिथे फॉक्स नावाच्या चुलतभावाच्या कुत्र्याला त्याने असा लळा लावला, की तो मालकाला सोडून चार्ल्सच्या मागे लागला.

जगप्रवास आणि एक मुका स्वागतकर्ता

२७ डिसेंबर १८३१ रोजी 'बीगल' निघाले आणि जवळजवळ पाच वर्षांनी, २ ऑक्टोबर १८३६ रोजी परतले. त्यात ऑस्ट्रेलियाही आला. जानेवारी १८३६ मध्ये डार्विन सिडनीला उतरले आणि घोड्यावरून बाथर्स्टपर्यंत जाऊन आले. वाटेत ग्रेहाउंड कुत्र्यांसोबत कांगारूंच्या शिकारीला गेले, पण कांगारू काही मिळाले नाही. पुढे होबार्ट आणि नैर्ऋत्येचा किंग जॉर्ज साउंड पाहून ते निघाले. आपला उत्तर किनारा राहूनच गेला.

घरी परतल्यावर त्यांनी एक गंमत केली. घरचा एक कुत्रा परक्या माणसाला जवळ येऊ देत नसे. डार्विन तबेल्यापाशी गेले आणि पूर्वीसारखी हाक दिली. कुत्रा बाहेर आला, आणि अर्ध्या तासापूर्वीच भेट झाल्यासारखा निमूट त्यांच्यामागे फिरायला निघाला. मध्ये पाच वर्षे आणि दोन दिवस गेले होते! कुत्र्याला स्मरण असते, मन असते, याचा हा दाखला त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात दिला.

सँडवॉकची फेरी

१८३९ मध्ये एमा वेजवूडशी त्यांचा विवाह झाला आणि १८४२ मध्ये हे कुटुंब केंट परगण्यातल्या डाउन खेड्यात राहायला गेले. १८४६ मध्ये शेजाऱ्यांकडून जमिनीचा एक पट्टा भाड्याने घेऊन त्यांनी तिथे झाडे लावली आणि भोवतीने वाळूची पायवाट केली. हीच ती प्रसिद्ध 'सँडवॉक'. किती फेऱ्या झाल्या हे विसरू नये म्हणून कोपऱ्यावर गारगोट्या रचायच्या आणि दर फेरीला एक पायाने बाजूला उडवायची! प्रकृती सदा नरम, पण ही फेरी सहसा चुकत नसे. १८५१ मध्ये दहा वर्षांची लाडकी ॲनी गेली. ते दुःख उरात घेऊनही पावले याच वाटेवर पडत राहिली.

दुपारच्या फेरीआधी काचघरातली रोपे पाहायची त्यांची सवय होती. बॉब नावाचा मोठा कुत्रा उड्या मारत पुढे निघायचा, पण धनी काचघराच्या वाटेला वळले, की फिरणे रद्द झाले असे समजून त्याचा चेहरा असा काही पडायचा, की घरात त्या चेहऱ्याला 'काचघर-चेहरा' असे नावच पडले. १८७२ च्या भावभावनांवरील ग्रंथात बॉबला मानाचे पान मिळाले आहे.

इथेच आम्हाला डार्विन मोठे वाटतात. माणूस आणि प्राणी यांच्या मनात फरक आहे, पण तो कमी-अधिकपणाचा आहे, जातीचा नाही, हे त्यांनी १८७१ च्या ग्रंथात मांडले. हा विचार प्रयोगशाळेतून जितका आला, तितकाच या फेऱ्यांतूनही आला. धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायचे नाकारले, दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान बसतात. हे नाते आपल्याला परके नाही. तरीही दारच्या कुत्र्याला दगड मारणारेही आपणच, हे विसरून कसे चालेल?

पॉली

शेवटच्या वर्षांत त्यांच्यासोबत पॉली असे. पांढरी, राठ केसांची टेरियर. मूळची मुलीची, पण १८७१ मध्ये मुलगी लग्न होऊन गेली आणि पॉली वडिलांची झाली. अभ्यासिकेत शेकोटीजवळ तिची टोपली असायची. १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये मोठ्या सन्मानाने त्यांचे दफन झाले. त्यांच्यामागोमाग अवघ्या काही दिवसांत पॉलीही गेली. तिला घरच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरले.

जाता जाता

लंडनला नातेवाईकांकडे जाणाऱ्यांनी डाउन हाउस जरूर पाहावे. लंडनच्या आग्नेयेला, ब्रॉम्ली भागात आहे. सँडवॉकवर आजही चालता येते. आसपासच्या शेतांतून सार्वजनिक पायवाटा जातात आणि त्यांवर कुत्र्यालाही नेता येते. मात्र मेंढ्या चरत असतील तिथे त्याला पट्ट्याने बांधून आपल्या जवळ ठेवावे.

आणि इथे डार्विनमध्ये? इथे मेंढ्यांऐवजी मगरींची काळजी! कुत्र्याला पाण्याच्या कडेला सोडू नका, पाट्या वाचा आणि उन्हाने तापलेल्या रस्त्यावर त्याचे पाय भाजणार नाहीत अशी वेळ निवडा. मुले कुत्रा हवा म्हणून हट्ट धरत असतील, तर त्यांना बॉबची आणि पॉलीची गोष्ट सांगा. त्या पिल्लाचीही सांगा. आमच्या मते, या गावच्या नावाचा अर्थ मुलांना कळायला तीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडेल.