लक्ष्मीबाई टिळक आणि आमचे न वाचणारे तरुण

आमच्या तरुणांस वाचनाची गोडी नाही, ही तक्रार वडील मंडळींच्या तोंडी नित्याची झाली आहे. ती खोटी नाही. परंतु सारा दोष तरुणांच्या माथी मारणे आम्हास न्यायाचे वाटत नाही. ज्याच्या हाती पुस्तक आले ते प्रथम परीक्षेसाठी आणि नंतर उपदेशासाठी, त्याने पुस्तकाकडे पाठ फिरवली तर नवल कसले? अशा तरुणापुढे आम्ही जड ग्रंथांची यादी ठेवणार नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे एकच पुस्तक त्याने उघडावे, एवढीच आमची विनंती आहे. ते लिहिणाऱ्या बाईंचे आयुष्य आमच्या नगर जिल्ह्याशी, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याशी, जडलेले आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. त्यांच्या आईच्या वडिलांस १८५७च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली होती. घरात वडिलांच्या सोवळ्यास पारावार नव्हता. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याविना आत येत नसे. मुलीस शाळेत घालण्याचा प्रश्नच नव्हता. अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी लग्न झाले, आणि अक्षरओळख झाली ती सासरी, पतीकडून. हा पती मोठा कवी खरा, पण संसारात त्याचा नेम नसे. न सांगता घराबाहेर पडावे, हातचा पैसा दुसऱ्यास देऊन मोकळे व्हावे, क्षणात तापावे, क्षणात निवावे, असा त्यांचा स्वभाव होता.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पदरी लहानगा मुलगा असलेल्या लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नी दूर राहिली. पुढे बाई नगरास आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. त्या सोवळ्यातून त्या बाहेर कशा पडल्या, हा त्यांच्या चरित्रातील आम्हास सर्वांत मोलाचा भाग वाटतो. कोणी वादात त्यांस जिंकले नाही. आपल्याच मनाशी झगडता झगडता, जातिभेद ही माणसाची करणी आहे, ईश्वराची नव्हे, असा त्यांचा निश्चय झाला, आणि तोही ह्याच जिल्ह्यात, राहुरीस. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांस वर्ज्य राहिले नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराची हकीकत आहे म्हणून एखादे वडील मुलाच्या हातून हे पुस्तक काढून घेऊ पाहतील, तर त्यांनी ते आधी स्वतः वाचावे. कोणास आपल्या पंथात ओढण्यासाठी ते लिहिलेले नाही. पुस्तकभर बाई हसतात त्या बहुधा स्वतःला. आपली भीती, आपला हट्ट, आपले अज्ञान काहीच झाकत नाहीत. नवराबायकोची भांडणे तर अशी रंगली आहेत की परीक्षेच्या पुस्तकांनी पोळलेला तरुणही पान उलटल्याविना राहणार नाही. भाषा माजघरातली आहे, शब्दकोशाची गरज नाही. विद्वानांनी ह्याचा थोडा हेवा करावा.

नगरच्या त्यांच्या बिऱ्हाडी बालकवी ठोंबरेही काही काळ राहिले. १९१९ साली टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य जेमतेम दहाअकरा अध्यायांवर थांबले होते; ज्या बाईस अक्षरे लग्नानंतर कळली, तिने पुढचे साठांहून अधिक अध्याय रचून ते पुरे केले! ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा बाईंनी पासष्टी ओलांडली होती.

जिल्ह्यातील वाचनालयांच्या चालकांस आमची एक सूचना आहे. हे पुस्तक कुलूपबंद कपाटात ठेवू नये. वर्तमानपत्रांच्या टेबलावर, तरुण जेथे वेळ घालवण्यास येऊन बसतात तेथे, उघडे ठेवावे. एखादी प्रत हरवली तर हरवू द्यावी. तरुणानेही पहिल्या पानापासूनच आरंभ केला पाहिजे असे नाही. जेथे उघडेल तेथून वाचावे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई नाशिकास निवर्तल्या. त्यांची हकीकत तेव्हा पुरी झाली नव्हती. शेवटचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त ह्यांनी लिहून पुरा केला.